सदतीस अंशांच्या अलीकडे

मुलीच्या दातांना तारा बसवल्या त्या दिवशी दंतवैद्यांनी कापून उरलेला एक तुकडा तिच्या हातावर ठेवला आणि घरी करून बघायला एक प्रयोग सांगितला. आम्ही बंगळूरजवळ आनेकल तालुक्यात, चंदापुऱ्याला राहतो. घरी आल्या आल्या तिने तो तुकडा फ्रीजमधल्या पाण्यात बुडवला, बाहेर काढून बोटाभोवती गुंडाळला. मऊ सुतळीसारखा तो गुंडाळला गेला आणि तसाच राहिला. मग तिने तो माझ्या चहाच्या कपात सोडला. बोटभर तार एका झटक्यात उलगडली आणि कमानीसारखी ताठ झाली. आम्ही दोघींनी मिळून तो प्रयोग बावीस वेळा केला. चहा दोनदा पुन्हा गरम करावा लागला.

दुसऱ्या भेटीत मी दंतवैद्यांना त्या तारेबद्दल विचारले. त्यांनी खण उघडून पाकिटे दाखवली. एकावर २७ अंश लिहिले होते, दुसऱ्यावर ३५, तिसऱ्यावर ४०. तारा दिसायला सगळ्या सारख्याच. २७ अंशांची तार तोंडात शिरली की कायम जोर लावत राहते. ३५ ची तोंडाच्या उबेला जागी होते. ४० अंशांची एरवी जवळजवळ गप्प असते आणि गरम आमटीचा घोट घेतला की तेवढ्यापुरती दात ओढते. ती नाजूक हिरड्यांच्या माणसांसाठी. एकाच जातीच्या धातूला कोणत्या अंशावर जागे व्हायचे हे आधी ठरवून देता येते, ही गोष्ट माझ्या डोक्यातून गेली नाही. गेले वर्षभर मी तिच्या मागे आहे.

अशा पदार्थांना हल्ली स्मार्ट मटेरियल म्हणतात. उष्णता, दाब, वीज, चुंबकत्व, ओल यांपैकी काही बदलले की हे पदार्थ आपला आकार, रंग, कडकपणा किंवा विद्युतभार बदलतात. मला तो इंग्रजी शब्द फारसा पटत नाही, कारण त्यात हुशारीचा दावा आहे. 'प्रतिसादी पदार्थ' हे नाव मला जास्त प्रामाणिक वाटते. तसे पाहिले तर प्रतिसाद प्रत्येकच पदार्थ देतो. लोखंडी रूळही उन्हात लांबतो. पण तो थोड्या उन्हात थोडा आणि जास्त उन्हात थोडा जास्त लांबतो. दातांवरची तार तसे करत नाही. ती एका ठरावीक जागेपर्यंत जवळपास गप्प असते आणि तिथून पुढे एकदम बदलते. तिला एक उंबरठा आहे. हा उंबरठा कुठून येतो आणि हवा तिथे कसा बसवतात, एवढेच मला इथे सांगायचे आहे. आणि ते सांगायला आनेकलच्या बाहेर फारसे जावे लागत नाही.

चंदापुऱ्याहून होसूर रस्त्याने बंगळूरच्या दिशेने निघाले की थोड्याच अंतरावर बोम्मसंद्रा लागते. तेही आनेकल तालुक्यातच. तिथल्या औद्योगिक वसाहतीत डॉ. देवी शेट्टी यांनी २००० साली स्थापन केलेले नारायण हृदयालय आहे. हृदयात जन्मतःच छिद्र असलेली मुले देशभरातून आणि देशाबाहेरूनही इथे येतात. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला असे छिद्र असेल तर पूर्वी एकच उपाय होता: छाती उघडायची, हृदय थांबवायचे आणि छिद्र शिवायचे. आज योग्य जागी, योग्य आकाराचे छिद्र असेल तर ते मांडीच्या शिरेतून बुजवता येते. एक बारीक नळी शिरेतून वर हृदयापर्यंत नेतात. तिच्यात ओढून, ताणून, काडीसारखी बारीक केलेली तारांची जाळी असते. नळीच्या तोंडातून ती बाहेर ढकलली की छिद्राच्या पलीकडे एक चकती फुलते, मग अलीकडे दुसरी, आणि दोघींच्या मधल्या गळ्यात पडदा पकडला जातो. शर्टाच्या कफाला दुहेरी बटण लावावे तसे. काही महिन्यांत त्यावर हृदयाच्या आतले अस्तरच चढते. कर्ट अम्प्लाट्झ या डॉक्टरांनी बनवलेल्या अशा जाळीचा माणसात पहिला वापर १९९५ साली झाला आणि २००१ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली.

ती जाळी आणि माझ्या मुलीची तार एकाच कुळातली आहे. कुळाचे नाव नितिनॉल. निकेल, टायटॅनियम आणि नेव्हल ऑर्डनन्स लॅबोरेटरी या तिन्हींची आद्याक्षरे जोडून ते झाले. अमेरिकी नौदलाच्या या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर हे धातुशास्त्रज्ञ क्षेपणास्त्राच्या टोकासाठी उष्णता सोसणारा धातू शोधत होते. १९५९ साली त्यांनी निकेल-टायटॅनियमच्या काही कांड्या ओतल्या. गार झालेली कांडी फरशीवर पडली तर शिशाचा गोळा पडावा तसा बद्द आवाज आला. अजून ऊन असलेली कांडी घंटेसारखी वाजली. मडके घेताना आपण टिचकी मारून बघतो, कारण आवाज आतली रचना सांगतो. ब्यूलरनी तोच अर्थ काढला: थोड्याशा उष्णतेत या धातूच्या आत काहीतरी मोठे बदलते आहे. दोन वर्षांनी एका बैठकीत या धातूची घडी घातलेली पट्टी हातोहात फिरत होती. डेव्हिड मझी या अधिकाऱ्याने पाइप पेटवायच्या लायटरची ज्योत तिला लावली. घडी सरळ झाली. आकार लक्षात ठेवणारे धातू त्याआधीही माहीत होते. सोने आणि कॅडमियमच्या मिश्रणात असे वागणे १९३२ मध्येच आढळले होते, पण सोन्याची तार वाकवून बघण्यापलीकडे त्याचा उपयोग कोण करणार?

आता आत काय बदलते ते पाहू. लाकडाच्या चार पट्ट्या चार खिळ्यांवर ठोकून चौकट करा. खिळे ढिले असतील तर चौकट मोडत नाही, पण डावीकडे किंवा उजवीकडे कलते. नितिनॉलमधले अणू उष्ण अवस्थेत सरळ चौकटीत उभे असतात. या रचनेला ऑस्टेनाइट म्हणतात. थंड झाल्यावर त्या चौकटी कलतात, ही मार्टेन्साइट. कोणताही अणू शेजाऱ्याला सोडून दुसरीकडे जात नाही, सगळे मिळून अणूभर अंतराहूनही कमी सरकतात. एक रांग डावीकडे कलली की पुढची उजवीकडे कलते, त्यामुळे बाहेरून तार होती तशीच दिसते. आता ती वाकवा. जोर पडेल तिथल्या रांगा बाजू बदलतात, डावीकडच्या उजवीकडे होतात. तार वाकते, पण एकही जोड तुटत नाही. मग ती गरम करा. कलायचे प्रकार अनेक असतात, सरळ उभे राहायचा प्रकार मात्र एकच. त्यामुळे प्रत्येक चौकट सरळ होते आणि तार मूळ आकारात येते. या धातूची जी 'स्मृती' म्हणतात ती एवढीच आहे, आणि मला ती कोणत्याही चमत्कारापेक्षा जास्त सुंदर वाटते. परत यायला एकच वाट असेल तर चुकायची सोय नसते.

हा मूळ आकार कोणता, हे कारखान्यात ठरते. जाळी हव्या त्या साच्यावर घट्ट बांधून सुमारे ५०० अंश सेल्सियसला काही मिनिटे तापवतात आणि झटकन थंड करतात. तेवढ्या उष्णतेत धातूच्या आतले ताण त्या आकाराशी जुळवून घेतात. यानंतर 'सरळ उभे राहणे' म्हणजे तोच आकार.

उंबरठा कुठे असावा, हे मात्र मिश्रणात ठरते आणि इथे हिशेब फार चिंचोळा आहे. निकेल आणि टायटॅनियमचे अणू जवळजवळ निम्मे-निम्मे असतात. निकेल निम्म्याहून थोडे जास्त असताना त्याचे प्रमाण एक दशांश टक्क्याने आणखी वाढवले, तर उंबरठा सुमारे १० अंशांनी खाली सरकतो. शंभरातल्या एकाच्या दहाव्या भागाने! त्यात टायटॅनियम तापले की हवेतला ऑक्सिजन खेचून घेते आणि हिशेब बिघडवते, म्हणून हे धातू निर्वातात वितळवावे लागतात. दंतवैद्यांच्या तारांत थोडे तांबेही असते. त्याने उंबरठा नेमका बसवणे सोपे जाते.

हृदयातल्या जाळीचा उंबरठा शरीराच्या ३७ अंशांच्या अलीकडे ठेवतात. म्हणजे शरीरात ती कायम उष्ण बाजूलाच असते. मग नळीत ती इतकी बारीक कशी होते? कारण जोर लावूनही चौकटी कलवता येतात. धातू उंबरठ्याच्या जरासा पलीकडे असेल तर ताणल्यावर तो मार्टेन्साइट होतो आणि ताण सुटताच पुन्हा ऑस्टेनाइट. साधी पोलादी तार अर्ध्या टक्क्याच्या आतच कायमची वाकते. नितिनॉल सुमारे ८ टक्के ताणूनही परत येते. नळीत ती ताणाने कललेली असते, नळी सुटली की सरळ होते. उष्णतेची गरज उरत नाही, कारण उष्णता रुग्णाच्या अंगात आधीच आहे.

हे सगळे घडते तेव्हा डॉक्टरांना हृदय उघडे दिसत नसते. क्ष-किरणांच्या जोडीला प्रतिध्वनीचे चित्र असते. इकोची एक कांडी बहुतेकदा रुग्णाच्या अन्ननलिकेत उतरवतात, कारण अन्ननलिका हृदयाच्या अगदी पाठीला लागून जाते. त्या कांडीच्या टोकाला दुसरा प्रतिसादी पदार्थ असतो, आणि तो आपल्या स्वयंपाकघरातही आहे. गॅसच्या लायटरचे बटण दाबले की आतली हातोडी एका खड्यावर आपटते, खडा क्षणभर दबतो आणि त्याच्या दोन टोकांत हजारो व्होल्टचा फरक पडून ठिणगी उडते. दाबले की वीज. आणि उलट, वीज दिली की खडा किंचित फुगतो वा आकसतो. यातला पहिला भाग प्येर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये क्वार्ट्झ, टूर्मलीन अशा स्फटिकांवर दाखवला. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झ पाण्यात वाजवला. इकोच्या कांडीतला खडा सेकंदाला काही दशलक्ष वेळा थरथरतो, आवाज आत पाठवतो, मग गप्प होऊन परतीचा आवाज ऐकतो. परतलेला आवाज त्याला नखभरही हलवत नाही, तरी तेवढ्यातून वीज निघते आणि पडद्यावर छिद्र दिसते. पाहणारा पदार्थ आणि बुजवणारा पदार्थ असे एकाच खोलीत भेटतात.

या खड्याचाही उंबरठा आहे, फक्त तो तापमानात नाही. हे सिरॅमिक शिसे, झिर्कोनियम, टायटॅनियम आणि ऑक्सिजन यांचे असते. त्याच्या प्रत्येक घरट्याच्या मधोमध एक छोटा अणू असतो, आणि तो नेमका मध्यावर बसत नाही, एका बाजूला सरकलेला असतो. टायटॅनियम जास्त असेल तर तो घरट्याच्या एखाद्या भिंतीकडे सरकतो, झिर्कोनियम जास्त असेल तर कोपऱ्याकडे. झिर्कोनियम ५२ आणि टायटॅनियम ४८ च्या आसपास दोन्हींची ओढ सारखी होते. अणूला भिंत आणि कोपरा यांत निवड करता येत नाही, आणि नेमक्या याच मिश्रणात खडा सगळ्यात जास्त प्रतिसाद देतो. १९५० च्या दशकात हे लक्षात आल्यापासून जगभरातली सोनोग्राफी बव्हंशी या सीमेवर उभी आहे. धातू आणि सिरॅमिक इतके वेगळे असूनही दोन्हींमागचे कारण एकच आहे. आतल्या दोन रचना जवळजवळ सारख्याच स्वस्त पडायला लागल्या की पदार्थ इकडून तिकडे जायला क्षुल्लक निमित्त पुरते. अभियंत्याचे काम म्हणजे तो पदार्थ त्या जागी आणून उभा करणे.

बंगळूरने हे काम मनावर घेतले त्याला आता पाव शतक होऊन गेले. १९९८ मध्ये इथे स्मार्ट संरचनांचा अभ्यास करणारी इन्स्टिट्यूट ऑफ स्मार्ट स्ट्रक्चर्स अँड सिस्टिम्स उभी राहिली. त्यानंतर डॉ. वासुदेव अत्रे यांच्या पुढाकाराने स्मार्ट पदार्थांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजमध्ये नितिनॉलवर आणि दाबले की वीज देणाऱ्या या सिरॅमिकवर, म्हणजे पिझो सिरॅमिकवर, काम झाले. विमानाला ते का हवे, याचे जुने उदाहरण अमेरिकेच्या एफ-१४ विमानाचे आहे. त्याच्या तेलनळ्या जोडायला आकार लक्षात ठेवणाऱ्या धातूची कडी वापरली. ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये फाकवून ठेवायची, नळ्यांवर सरकवायची आणि सोडून द्यायची. हवेच्या उबेने ती आवळते. ना डाख, ना आटे.

आनेकलची जुनी ओळख मात्र यातल्या कशातच नाही. ती रेशमात आहे. बंगळूरहून इकडे येणारा रस्ता ज्या चौकातून सुटतो त्याचे नावच सिल्क बोर्ड. केंद्रीय रेशीम मंडळाचे कार्यालय तिथे आहे. आनेकलच्या आसपास इमारतींच्या मधे अजूनही तुतीची शेते टिकून आहेत, आणि गावात माग चालतात. मराठवाड्यातले तुतीचे शेतकरी कोष विकायला इथून जवळच्या रामनगरच्या बाजारात येत आले आहेत; आता जालन्यालाही बाजार झाला, पण रामनगरचे नाव बीड-जालन्याच्या कुठल्याही कोषवाल्याला विचारा, तो ओळखतो.

एका संगोपनगृहात मी कोषावर आलेल्या अळ्या पाहिल्या. अंग पिवळसर आणि पारदर्शक झालेले. कोष विणायला ठेवलेल्या बांबूच्या चंद्रिकेवर प्रत्येक अळी डोके आठाच्या आकड्यासारखे हलवत होती. तिच्या अंगातल्या ग्रंथीत रेशीम द्रवरूप असते: पाव हिस्सा प्रथिन, बाकी पाणी. प्रयोगशाळेत इतके दाट प्रथिन साठवले तर ते पटकन गोठते. अळीच्या पोटात ते दिवसचे दिवस पातळ राहते, आणि शेवटच्या अरुंद नळीतून ओढले जाताना त्याचा धागा होतो. नळीत आम्लता किंचित वाढते, पाणी निघून जाते, आणि ओढीने प्रथिनांच्या गुंडाळलेल्या साखळ्या ताणून शेजारी शेजारी लागतात. भट्टी नाही, आम्लाचा हौद नाही. २५ अंशांच्या खोलीत, डोक्याच्या हलक्या हिसक्याने द्रवाचे घन होते. एका कोषात हा धागा किलोमीटरभर लांब असू शकतो. तो ओढण्याला उत्तर देणारा पदार्थ आहे. २००२ मध्ये शाओ आणि वोल्राथ यांनी अळीकडून धागा ठरावीक वेगाने ओढून घेतला, तर तो तिने स्वतः विणलेल्या धाग्यापेक्षा मजबूत निघाला. ओढ बदलली की माल बदलतो.

रेशमाचा उंबरठा ओलांडल्यावर परत येता येत नाही. कोष उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरचा डिंक सुटतो, धागा तसाच राहतो. म्हणून तर साडी धुता येते. पण पूर्ण गप्पही होत नाही ते. जपानचे एइइची फुकादा यांनी १९५० च्या दशकात लाकूड, हाड आणि रेशीम यांच्यावर दाब देऊन बघितला, आणि तिन्हींतून सूक्ष्म वीज निघाली. लायटरच्या खड्यापुढे ती नगण्य, तरी ती आहे. पैठणीच्या पदरातही.

आणि ज्यांनी तुतीची शेते कधी पाहिली नाहीत त्यांनीही असा पदार्थ पायमोज्यातून घरी आणलेला असतो. दख्खनच्या माळावर पाऊस संपल्यावर कुसळी गवत वाळते. त्याच्या बीजाला टोचणारे टोक आणि मागे लांब, पिळलेली शेपटी असते. शेपटीतले तंतू असे तिरपे लागलेले असतात की ओल मिळाली की पीळ उलगडतो आणि वाळली की पुन्हा बसतो. दव पडते, ऊन चढते, पुन्हा दव. प्रत्येक वेळी बी थोडेसे फिरते. टोकावरचे केस मागे वळलेले असल्याने ते फक्त पुढेच सरकते, आणि असे करत ते स्वतःला जमिनीत पेरते. या शेपटीत जिवंत पेशी नसतात. मेलेले गवत फक्त हवेतल्या ओलीवर गिरमिट चालवते.

माणसाने केलेल्या पदार्थांना अजून तेवढे सहज जमत नाही. हृदयाजवळ बसवलेल्या जाळीला दिवसाला सुमारे एक लाख हेलकावे बसतात, वर्षाला जवळपास चार कोटी. दहा वर्षे टिकायचे तर चाळीस कोटी वेळा वाकूनही तडा जाता कामा नये, आणि तारेच्या पृष्ठभागावरचा केसाएवढा ओरखडाही तिथे पुरेसा असतो. निकेलचे वावडे असलेली माणसे असतात. म्हणून जाळीवर टायटॅनियम ऑक्साइडचा पातळ थर टिकायला हवा. पिझो सिरॅमिकमध्ये वजनाने निम्म्याहून अधिक शिसे असते, आणि त्याच्या तोडीचा शिसेविरहित खडा शोधण्यात जगभरच्या प्रयोगशाळा गुंतल्या आहेत. ही कामे संथ आहेत, वर्तमानपत्रात येत नाहीत, आणि मला त्यांचा आदर वाटतो.

माझ्या मुलीला यातले काहीही न वाचता एक गोष्ट कळली. तार बदलली की पहिले दोन दिवस दात ठणकतात. त्या संध्याकाळी तिने कुल्फी खाल्ली आणि ठणका थांबला. तिला वाटले, गारव्याने हिरड्या बधिर झाल्या. तोही भाग असेलच. पण तिच्या तारेचा उंबरठा ३५ अंशांवर आहे, आणि कुल्फी दातावर असते तेवढा वेळ तारेतल्या चौकटी कलतात, ओढ सैल पडते. आता ती तार बसवून आली की फ्रीजमध्ये आधी कुल्फी आहे का ते बघते. खाऊन झाल्यावर ओठ मिटून थोडा वेळ बसते, आणि जीभ लावून तार पुन्हा घट्ट होताना अजमावते.